बाविसाव्या गुणसूत्रावरील सांधा

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात, वीर, दासगाव, बिरवाडी किंवा कापडे यांसारख्या एखाद्या गावी, पस्तिशी-चाळिशीतील एखादा कष्टाळू गृहस्थ जेव्हा असे सांगू लागतो की लावणीच्या कामात पूर्वीसारखा दम टिकत नाही, रात्री कारण नसता अंग घामाने भिजते, दोन घास पोटात जातात न जातात तोच पोट तट्ट भरल्यासारखे वाटते आणि डाव्या बरगडीखाली काहीतरी जड हाताला लागते, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी बहुधा आपल्या परीने निदान करून मोकळी झालेली असतात: हिवताप अंगात मुरला आहे, पाणथरी वाढली आहे, पावसाळा सरला म्हणजे अंग धरील. पाणथरी वाढलेली असते हे खरेच. परंतु ती का वाढली याचा पहिला सुगावा महाडास काढलेल्या रक्ताच्या साध्या तपासणीतून लागतो. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात चार ते अकरा हजार श्वेतपेशी असाव्यात, तेथे या गृहस्थाच्या रक्तात त्या लाख, दोन लाख, कधी त्याहूनही अधिक निघतात. ‘काउंट फार वाढला आहे, मुंबईस दाखवून या,’ असे सांगून डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, आणि त्या चिठ्ठीबरोबर घरात ‘ब्लड कॅन्सर’ हा शब्द शिरतो.

या रोगास वैद्यकात क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणतात आणि डॉक्टर व रुग्ण दोघेही त्याचा उल्लेख सीएमएल या आद्याक्षरांनी करतात. रक्ताच्या कर्करोगांचे प्रकार अनेक असून त्यांच्या गती व गुणधर्म एकमेकांपासून अत्यंत भिन्न आहेत. परंतु गावात सर्वांस एकच नाव, आणि त्या नावापाठोपाठ एकच अर्थ, तो मृत्यूचा. सीएमएलच्या बाबतीत हा अर्थ गेली पंचवीस वर्षे असत्य ठरला आहे, ही गोष्ट आपल्या खेड्यापाड्यांत अद्याप पुरेशी पोहोचलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. मनुष्याला होणाऱ्या कर्करोगांमध्ये ज्याचे मूळ कारण इतक्या निःसंदिग्धपणे सापडले, आणि त्या कारणाच्या ज्ञानातूनच ज्यावरील औषध सरळ घडविता आले, असा रोग याच्याइतका क्वचितच दुसरा दाखविता येईल.

प्रथम दोन भयांचे निराकरण करणे आवश्यक आहे. हा रोग संसर्गजन्य नाही, तेव्हा रुग्णाची ताट-वाटी वेगळी मांडण्याचे काहीएक प्रयोजन नाही. आणि तो आनुवंशिकही नाही, कारण ज्या बिघाडातून तो उद्भवतो तो बिघाड जन्मानंतर केव्हातरी अस्थिमज्जेतील एकाच मूलपेशीत घडतो व त्या पेशीच्या वंशापुरताच मर्यादित राहतो. रुग्णाच्या मुलाबाळांकडे तो जात नाही, आणि म्हणून मुलीच्या सोयरिकीत बापाच्या या आजाराची चर्चा होणे हा केवळ अज्ञानमूलक अन्याय आहे. कारणांपैकी निश्चितपणे सिद्ध झालेले असे एकच आहे व ते म्हणजे तीव्र किरणोत्सर्ग. हिरोशिमा व नागासाकी येथील बॉम्बस्फोटांतून वाचलेल्या लोकांत हा रोग अपेक्षेहून अधिक आढळला. महाडच्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या गावांत रसायनांविषयी जो संशय असतो तो मी समजू शकतो. बेंझीनसारख्या द्रव्यांचा रक्ताच्या कर्करोगाशी संबंध जरूर आहे, परंतु तो मुख्यतः निराळ्या, तीव्र स्वरूपाच्या ल्युकेमियाशी. सीएमएलच्या बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत कोणतेही बाह्य कारण दाखविता येत नाही. सावित्रीच्या पाण्याविषयीची फिर्याद आपल्या जागी गंभीर आहे व ती तिच्या स्वतःच्या पुराव्यावर लढविली गेली पाहिजे.

या रोगाची ओळख फार जुनी आहे. 1845 साली एडिंबरोमध्ये जॉन ह्यूज बेनेट व बर्लिनमध्ये रूडॉल्फ फिरखो यांनी, प्रचंड पाणथरी व पांढुरके रक्त असलेल्या मृत रुग्णांची वर्णने जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध केली, आणि ल्युकेमिया हे नाव फिरखोनेच पुढे रूढ केले. त्यानंतरची शंभर वर्षे वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. सोमल दिला जाई, पाणथरीवर क्षकिरणांचा मारा केला जाई, 1953 पासून बुसल्फान नावाच्या गोळ्या मिळू लागल्या. या सर्वांनी श्वेतपेशींची संख्या काही काळ खाली येई, परंतु रोगाचा मार्ग बदलत नसे. तीन ते पाच वर्षांच्या संथ अवस्थेनंतर रोग एकाएकी उग्र रूप धारण करी, अपक्व पेशींनी रक्त भरून जाई व काही महिन्यांत सर्व संपे.

कोंडी फुटली ती 1960 मध्ये, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रे असतात हा साधा आकडासुद्धा 1956 पर्यंत निश्चित नव्हता; तो निश्चित होऊन चारच वर्षे झाली होती. पीटर नॉवेल यांनी ल्युकेमियाच्या पेशी वाढवून काचपट्टीवर नळाच्या पाण्याने धुतल्या, तेव्हा पेशी फुगून आतील गुणसूत्रे सुटी सुटी दिसू लागली, आणि त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड हंगरफोर्ड यांनी सूक्ष्मदर्शकातून न्याहाळताना सीएमएलच्या रुग्णांत एक गुणसूत्र नित्य खुरटलेले असल्याचे ओळखले. एका ठराविक कर्करोगात एक ठराविक गुणसूत्र सातत्याने विकृत असते, हे इतिहासात प्रथमच दिसले होते. त्या लहानग्या गुणसूत्रास शहराच्या नावावरून फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले, आणि आजही पनवेल-परळच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या आपल्या कोकणी माणसाच्या फाइलीत ‘फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह’ असे शब्द लिहिलेले असतात.

त्याच सुमारास मुंबईत काय चालले होते, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. परळच्या गिरणगावात 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले होते, आणि 1952 मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली होती. या केंद्रात काम करणाऱ्या डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या. सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर त्यांनी एम.एस्सी.चा प्रबंध लिहिला होता. झाडांच्या गुणसूत्रांकडून त्या प्राण्यांच्या कर्करोगाकडे वळल्या, बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाची विद्या शिकून आल्या आणि मुंबईत देशातील पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. सीएमएलचे जनुक त्यांनी शोधले नाही. पण काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवून कर्करोगाचा जाब त्या पेशीलाच विचारायचा, ही जी पद्धत पुढे या रोगाच्या उलगड्यास कारणीभूत झाली, ती आपल्या देशात रुजविण्याचे श्रेय या मराठी विदुषीकडे जाते. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आमच्या शाळांच्या भिंतींवर त्यांचे चित्र असावयास हवे होते.

खुरटलेल्या गुणसूत्राचा हरवलेला तुकडा कोठे गेला, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी तेरा वर्षे लागली. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी 1973 मध्ये रंगद्रव्यांनी गुणसूत्रांवर पट्टे उठविण्याची नवी रीत वापरून दाखविले की बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा नाहीसा झालेला नसून तो नवव्या गुणसूत्राच्या टोकास जाऊन चिकटला आहे; नवव्याचा एक लहान अंश त्याच्या बदल्यात बाविसाव्यावर आला आहे, हे पुढे स्पष्ट झाले. 1982 ते 1985 या काळात विविध प्रयोगशाळांनी त्या सांध्याच्या जागेवरील जनुकेही ओळखली: नवव्यावरील जनुकाचे नाव एबीएल, बाविसाव्यावरील जनुकाचे बीसीआर, आणि सांध्याने निर्माण झालेल्या नव्या जनुकाचे बीसीआर-एबीएल.

हा सांधा इतका घातक का, हे समजण्यासाठी पेशीतील जनुकसंचयाकडे तलाठ्याच्या दप्तराप्रमाणे पाहावे. त्या दप्तरात प्रत्येक हुकुमास शीर्षभाग असतो व त्यात तो हुकूम केव्हा अमलात आणावा, कोठे थांबवावा, याचा निर्बंध लिहिलेला असतो. एबीएलचा हुकूम पेशीस वाढण्याची सूचना देणाऱ्या प्रथिनाचा आहे आणि त्या प्रथिनाच्या अग्रभागीच त्याला आवरून धरणारा अंश असतो. तो अंश उर्वरित प्रथिनावर वळून बसतो व गरज नसेल तेव्हा त्याचे कार्य स्तब्ध ठेवतो. अदलाबदलीत नेमका हा निर्बंधाचा मजकूर फाटून जातो, आणि त्याच्या जागी बीसीआरच्या पानाचा असा भाग डकविला जातो की जो मज्जेतील पेशींत सदैव अमलात असतो. मुदत नसलेला, अटी नसलेला, रात्रंदिवस चालू असलेला हुकूम तयार होतो, आणि पेशी जेव्हा जेव्हा विभागते तेव्हा त्या हुकुमाची बिनचूक नक्कल प्रत्येक वारसाच्या हाती जाते.

रसायनशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर एबीएलचे प्रथिन हे टायरोसीन कायनेज जातीचे विकर आहे. पेशीची ऊर्जा ज्या एटीपी रेणूत साठविलेली असते त्याच्यातून हे विकर एक फॉस्फेट काढून घेते व दुसऱ्या प्रथिनांतील टायरोसीन या घटकास जोडते. ज्याला फॉस्फेट लागले ते प्रथिन जागृत होते, ते पुढच्याला जागृत करते, आणि अशा साखळीने वाढीचा संदेश पेशीकेंद्रापर्यंत पोहोचतो. बीसीआरकडून आलेल्या अंशात सजातीय रेणूंना एकमेकांशी जखडण्याचा गुण आहे. जखडलेले रेणू परस्परांना फॉस्फेट जोडून परस्परांना अखंड जागे ठेवतात. परिणाम असा की अशा पेशी वाढीचा संदेश नसताही वाढतात, मरणाची वेळ आली तरी मरत नाहीत, आणि मज्जेतील आपली जागा सोडून वेळेपूर्वी रक्तात उतरतात. त्यांचा साठा पाणथरीत होतो आणि तीच डाव्या बरगडीखाली हाताला लागते. या जागृतीत जनुकसंचयाची डागडुजी बिघडते, नवनवे दोष साचत जातात, आणि ती पूर्वी सांगितलेली उग्र अवस्था याच संचयातून उद्भवते.

सांधा रोगाबरोबर आढळतो, एवढ्यावरून तोच रोगाचे कारण आहे असे सिद्ध होत नाही. ही शंका रास्त होती. 1990 मध्ये जॉर्ज डेली, रिचर्ड व्हॅन एटन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी हे एकच जनुक उंदरांच्या मज्जापेशींत घातले, आणि त्या उंदरांस सीएमएलसदृश रोग झाला. एकच जनुक, एकच विकर, एक रोग, अशी रुजवात झाल्यावर तर्क सरळ होता: विकर बंद पाडले तर रोग थांबला पाहिजे. तरीही त्या काळी बहुतेक तज्ज्ञांचे मत प्रतिकूल होते, कारण शरीरात कायनेजे शेकड्यांनी आहेत व त्या सर्वांचा एटीपी धरणारा कप्पा जवळपास एकसारखा. एकाला कुलूप घालताना बाकीची निरुपद्रवी राहतील कशी? स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कुलूप ठरणारा एक रेणू तयार केला आणि अमेरिकेतील ओरेगॉनच्या ब्रायन ड्रकर या डॉक्टराने तो सीएमएलच्या पेशींवर चालवून दाखविला. निरोगी पेशींना फारसे न दुखविता तो रोगी पेशी नष्ट करतो, हा निष्कर्ष 1996 साली प्रसिद्ध झाला. असे का होते याचे उत्तर भारतात जन्मलेल्या जॉन कुरियन यांच्या प्रयोगशाळेने 2000 साली दिले: एबीएल जेव्हा निद्रिस्त असते तेव्हा त्याच्या कप्प्याची घडण इतर कायनेजांहून वेगळी असते, आणि औषध त्या घडणीतच शिरून बसते व विकराला पुन्हा उठू देत नाही.

माणसांवरील पहिल्या प्रयोगास जून 1998 मध्ये आरंभ झाला. रोजची 300 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा मिळालेल्या 54 रुग्णांपैकी 53 जणांच्या रक्तातील पेशींची संख्या पूर्णतः पूर्वपदावर आली. कर्करोगाच्या औषधांच्या इतिहासात असा आकडा कोणी पाहिलेला नव्हता. मे 2001 मध्ये अमेरिकेत या औषधास परवाना मिळाला. त्याचे नाव इमॅटिनिब. त्यानंतर झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे 83 टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. काहींच्या बाबतीत विकराच्या कप्प्यातील एखादा घटक बदलतो व औषध निष्प्रभ होते. त्यांच्यासाठी डॅसॅटिनिब, निलोटिनिब, पोनॅटिनिब अशी पुढची औषधे आली आहेत.

परंतु औषध असणे आणि ते वीरच्या माणसाच्या हाती असणे यांत एक निवाडा उभा होता. मूळ कंपनी, जी 1996 नंतर नोव्हार्टिस या नावाने ओळखली जाते, तिच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये होई. भारतीय कंपन्या तेच औषध आठ-दहा हजारांत देऊ शकत होत्या. नोव्हार्टिसने या औषधाच्या एका स्फटिकरूपावर भारतात मक्ता मागितला. 1969 साली मुंबईत स्थापन झालेल्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या रुग्णसेवी संस्थेने व देशी उत्पादकांनी त्यास हरकत घेतली, आणि जानेवारी 2006 मध्ये चेन्नईच्या पेटंट कचेरीने तो अर्ज नामंजूर केला. अपिलांवर अपिले होत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1 एप्रिल 2013 रोजी न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला की ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपाने रोगावरील गुणकारित्व वाढते असे सिद्ध झाल्यावाचून पेटंट कायद्याच्या कलम 3(ड) अन्वये त्यास मक्ता देता येत नाही. कंपनीची बाजू अगदीच एकांगी रंगविणे योग्य होणार नाही; मॅक्स फाउंडेशनच्या द्वारे तिने हजारो भारतीय रुग्णांस औषध मोफत पुरविले होते. तथापि ज्या औषधावर आयुष्यभराचा भरवसा ठेवावयाचा ते कोणाच्या दातृत्वावर अवलंबून नसावे, आणि म्हणून तो निवाडा मला या रोगाच्या इतिहासात प्रयोगशाळेतील शोधांच्या पंक्तीस बसविण्यायोग्य वाटतो. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही इमॅटिनिबचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

आता राहिला तो प्रश्न नित्यनेमाचा, आणि माझ्या मते आज आपल्या भागात रुग्ण याच ठिकाणी अधिक खचतात. गोळी रोज घ्यावयाची, जेवणाबरोबर व भरपूर पाण्यासह, आणि बरे वाटू लागल्यावरही घेत राहावयाची. दोन-तीन महिन्यांत काउंट उतरतो, पाणथरी आटते, माणूस शेतावर जाऊ लागतो, आणि डोळ्यांभोवतीची सूज किंवा पायांतील गोळे यांना कंटाळून, अथवा आता बरा झालो अशा समजुतीने, गोळी चुकवू लागतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील अभ्यासाने 2010 साली दाखविले की ज्यांनी नव्वद टक्क्यांहून अधिक मात्रा घेतल्या त्यांच्यापैकी सुमारे 94 टक्क्यांना सहा वर्षांत अपेक्षित खोल सुधारणा लाभली, तर त्याहून कमी घेणाऱ्यांत ते प्रमाण 28 टक्क्यांच्या आसपास राहिले. महिन्यातून तीन दिवस चुकणे म्हणजे त्या सीमेवर येणे. जुलै 2021 मध्ये सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा औषधांची दुकानेही तिच्याबरोबर बुडाली. यास्तव आपल्याकडील रुग्णाने पावसाळ्यापूर्वी एक महिन्याचा जास्तीचा साठा घरात उंचावर, कोरड्या डब्यात ठेवणे ही चैन नव्हे. आणि पाश्चात्य देशांत हा रोग बहुधा साठीच्या सुमारास होतो, आपल्याकडे तिशी-चाळिशीत. त्यामुळे ज्या तरुण स्त्रीला मूल हवे आहे तिने ते दिवस राहण्यापूर्वी डॉक्टरांशी बोललेच पाहिजे, कारण गर्भावस्थेत हे औषध वर्ज्य आहे.

दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलचे प्रमाण मोजण्याची रक्ततपासणी हा उपचाराचाच अंश होय. गोळी लागू पडते आहे की नाही हे काउंटवरून कळत नाही, या तपासणीवरून कळते. ती करणारी टाटा केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था 2002 पासून खारघर येथे, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात आहे. 1993 साली कोकण रेल्वेचा रोह्याहून वीरपर्यंतचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे वीरला गाडीत बसलेला रुग्ण पनवेलला उतरू शकतो. ज्याला परळलाच जावे लागते त्याच्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. चाळीतील नातलगाच्या खोलीत जागा नाही म्हणून फॉलोअप टाळण्याचे कारण उरू नये, इतकी ही तजवीज जुनी व विश्वासाची आहे.

गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल काय, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत, ज्यांच्या रक्तात किमान दोन वर्षे त्या जनुकाचा मागमूसही सापडला नव्हता अशा शंभर रुग्णांचे औषध देखरेखीखाली थांबविण्यात आले, आणि सुमारे चाळीस टक्के रुग्णांत वर्षभरानंतरही रोग परतला नाही. ज्यांच्यात परतला त्यांच्यात तो बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांतच परतला, म्हणून थांबविल्यानंतर सुरुवातीस दरमहा रक्त तपासतात. आणि गोळी पुन्हा चालू करताच जवळपास सर्वांचा रोग पुनश्च आटोक्यात आला. मात्र हा निर्णय तज्ज्ञाच्या अखत्यारातील आहे, आणि ज्याला महिन्याच्या महिन्याला ती तपासणी करून घेता येणार नाही त्याने तूर्त गोळी चालूच ठेवावी.